दुबार नावांची यादी

दि. ५ जून १९९८, शुक्रवार. रक्कम रुपये बेचाळीस हजार सातशे पन्नास. हजर: फौंड्रीतून निवृत्त झालेले भाऊसाहेब दगडू शिंदे, राहणार काष्टी, पर्सोनेल मॅनेजर, हिशेब विभागाचा प्रमुख या नात्यानं मी, आणि दाराशी, चपला बाहेर काढून, तू.

मॅनेजरच्या केबिनमध्ये चपला काढायचं काही कारण नव्हतं. ती सवय तुला कॉम्प्युटर रूमनं लावली. अख्ख्या कारखान्यात एसी त्या एकाच खोलीत होता, आणि धूळ आत जाऊ नये म्हणून दारात चपला काढायचा नियमही तिथलाच. फौंड्रीतली माणसं आत डोकावताना हातसुद्धा जोडायची. तू मला म्हणायचास, "चाचा, नारळ तेवढा फोडू देऊ नका, यूपीएसमध्ये पाणी जाईल."

त्या दिवशी तू ग्रॅच्युइटीचा कागद छापून आणला होतास. मी आकडे वाचून दाखवले आणि भाऊसाहेबांनी सही केली. शेवटचा पगार तीन हजार नऊशे. त्याला सव्वीसनं भागून पंधरानं गुणलं की नोकरीच्या एका वर्षाचे बावीसशे पन्नास होतात. कागदावर एकोणीस वर्षं होती. मी गुणाकार दोनदा केला. तो बरोबर होता. वर्षं चुकली होती.

दिलीप, तुला जाऊन आज चोपन्न दिवस झाले. केडगावला तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, साळवे नऊ वर्षं कंपनीत होते, वेळेवर येत, कामात चोख होते. मग खाली बसलो. पुढच्या रांगेतून तुझी आई माझ्याकडे बघत होती, अजून काही बोलेल या अपेक्षेनं. मी म्हणालो त्यात खोटं काही नव्हतं. या सगळ्या प्रकरणात मी एकदाही खोटं बोललेलो नाही. तेच आज तुला लिहायचं आहे.

आधी अठ्ठावीस तारखेबद्दल. दर महिन्याला त्या दिवशी जेवणानंतर पगाराच्या चिठ्ठ्या छापायच्या असत. चिठ्ठ्या तीनशे बेचाळीस, प्रिंटर एकच, आणि तो असा करकरायचा की शेजारच्या खोलीत फोन घेता येत नसे. छपाई संपेपर्यंत हिशेब विभागाचा एक माणूस तिथं हजर हवा असा नियम होता. तो मीच केला होता आणि बसायचोही मीच. शेखसाहेबांनी थंड हवेसाठी नियम काढला, असं मे महिन्यात लोक म्हणायचे. त्यात तथ्य होतं. पण मी तिथं तुझ्या गोष्टींसाठीही बसायचो. माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे आणि दिवसाला दहा वाक्यं बोलायचे. आमच्या घरात गोष्ट कोणी सांगितली नाही. पंचेचाळिशी उलटल्यावर, प्रिंटरच्या आवाजात, माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान माणसाकडून मी पहिल्यांदा गोष्टी ऐकल्या. यासाठी मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आता मानतो.

गोष्टी सगळ्या विज्ञानकथा. माळीवाड्यातल्या रद्दीवाल्याकडून किलोवर घेतलेली इंग्रजी पुस्तकं, बहुतेकांना कव्हर नाही, काहींना शेवट नाही. शेवट नसला की तू आपला जोडायचास. मूळ गोष्ट कुठं संपली आणि तू कुठं सुरू झालास ते मला कळायचं, कारण तुझ्या भागात लोक रजेचे अर्ज करायचे. तुझं म्हणणं, हे लिहिणाऱ्यांनी जन्मात नोकरी केलेली नाही. यान मंगळावर उतरतं, पण गेटपास कोणी दिला? शास्त्रज्ञ जीवघेणा किरण शोधतो, त्याचं व्हाउचर कुठाय? तीनशे माणसं यानात असतील तर कॅन्टीन कमिटी असणार, कमिटी असेल तर भांडण असणार, मग परग्रहावरून शत्रू आणायची गरज काय?

मी गोष्ट आकड्यांवरून ऐकायचो, आणि तुला त्याचा वैताग यायचा. एकदा तू सांगितलंस की यान ताशी एक लाख किलोमीटरनं निघालं आणि चार प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याला बारा वर्षांत पोचलं. मी एका जुन्या व्हाउचरच्या पाठीवर हिशेब मांडला. बारा वर्षं नव्हे, सुमारे त्रेचाळीस हजार वर्षं लागतात. कागद तुझ्यापुढं सरकवला. तू तो नीट वाचलास आणि म्हणालास, "बरं, आता यांचा प्रवासभत्ता काढा."

ऑफिसबद्दल तुझी मतं तू कोणाला विचारून बनवली नव्हतीस आणि बोलायलाही विचारायचा नाहीस. एसी मशीनसाठी आहे, आपण नुसते त्याच्या आसऱ्याला बसतो. मशीनला घाम फुटला तर पुण्याहून इंजिनिअर येतो, तोही टॅक्सीनं. आपल्याला फुटला तर आपल्या खिशात रुमाल आहे. साहेब ज्या कागदावर 'चर्चा करा' लिहितात तो कागद मेला असं समजावं. सन २००० बद्दलही तुझं एक मत होतं. आपल्या मशीनमध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे होते, तेव्हा त्या १ जानेवारीला आपण सगळे नोकरीला लागायच्या आधीचे होणार आणि कंपनी आपल्याला ओळखणार नाही. तुला ते बघायचं होतं. दहा महिने कमी पडले.

सगळ्यात जास्त चीड तुला बंड करणाऱ्या यंत्रांची. त्या गोष्टी तू अर्ध्यावर टाकून द्यायचास. म्हणायचास, "हे बंड करत नाही, हीच तर भीती आहे. मी चुकीचं सांगितलं तरी हे म्हणणार, बरं." मी म्हणालो, आमचे हेडक्लार्कही तसेच आहेत. तू म्हणालास, ते निदान चहाला तरी जातात.

आता यादीबद्दल. तुला ती माहीत आहे, पण मी ती पूर्ण कधी सांगितली नाही, तुलासुद्धा.

पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर आपण कामगारांची जुनी कार्डं मशीनवर घेत होतो. तात्पुरत्या नोकरीचा टोकन नंबर वेगळा आणि कायम झाल्यावरचा वेगळा, त्यामुळं काही माणसांची दोन दोन कार्डं होती. ती जोडायची होती. नाव, वडलांचं नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख, या पाच गोष्टी जुळल्या तर माणूस एकच, असा प्रोग्राम तू लिहिलास. बाहेरच्या कोणालाही हे पुरेसं वाटेल. पण आपल्याकडं त्या पिढीत जन्मतारीख कोणाच्या घरात लिहिलेली होती? मूल शाळेत आणलं की मास्तर त्याच्याकडं बघून वर्ष ठरवायचे आणि तारीख टाकायची १ जून, म्हणजे शाळेच्या हिशेबाला सोपं. आपल्या तीनशे बेचाळीस जणांत एकशे एकोणीस जण १ जूनचे निघाले. तू म्हणालास त्या दिवशी कारखाना बंद ठेवून एकच मोठा केक कापावा. त्या एकशे एकोणीस जणांत मीही आहे. पाचातली एक गोष्ट खरी नसते हे मला माझ्या स्वतःच्या दाखल्यावरून माहीत होतं.

तुलाही शंका होतीच. म्हणून जोडणी करायच्या आधी तू यादी छापलीस. वर 'दुबार नावे', खाली 'प्रत्यक्ष तपासले' आणि सहीसाठी रेघ. माझ्या टेबलावर ठेवताना म्हणालास, "चाचा, खात्यात जाऊन एकदा माणसं बघून या. मशीनला माणूस दिसत नाही."

अकरा नावं होती. शनिवार होता, अर्धा दिवस. पहिली दहा मी कार्डावरून पडताळली, दहाही बरोबर निघाली. अकरावं नाव भाऊसाहेब दगडू शिंदे, काष्टी, १ जून १९४०. पाचही गोष्टी जुळत होत्या. माझ्या टेबलापासून फौंड्री दोनशे पावलांवर आहे. मी गेलो नाही. खूण केली, रेघेवर सही केली, स्कूटर काढली आणि सावेडीला घरी जाऊन जेवलो.

काष्टीहून दोन भाऊसाहेब दगडू शिंदे कामाला यायचे. भाऊबंद, पण लांबचे. एक फौंड्रीत, दुसरे पॅकिंगमध्ये. एकाच मास्तरांनी, कदाचित एकाच सकाळी, दोघांना एकच तारीख दिलेली. दोघं एकोणऐंशीत एकदमच कायम झाले. पण फौंड्रीच्या भाऊसाहेबांनी त्याआधी तेरा वर्षं तात्पुरती काढली होती. ते तेरा वर्षांचं कार्ड मशीननं पॅकिंगच्या भाऊसाहेबांना जोडलं, कारण त्यांचा टोकन नंबर लहान होता. रोजच्या पगारावर याचा काही परिणाम होत नव्हता. म्हणून अडीच वर्षं ते कोणाला दिसलं नाही.

निवृत्तीनंतर आठ दिवसांनी फौंड्रीचे भाऊसाहेब परत आले. भांडायला नव्हे, विचारायला. टोपी हातात घेऊन म्हणाले, "साहेब, थोरली लेक झाली त्या वर्सी मी कामाला लागलो. लेक बत्तीस वर्सांची हाय. यात एकोनीसच कसं?"

मी कार्डं काढली आणि दहा मिनिटांत सगळं कळलं. मग यादीची फाईल काढली. माझी सही बघितली. फाईल कपाटात ठेवली आणि मॅनेजरांकडं जाऊन म्हणालो, दोन भाऊसाहेबांची कार्डं एकमेकांत गेली आहेत. ते म्हणाले, म्हणजे कॉम्प्युटरची चूक. मी म्हणालो, जोडणी कॉम्प्युटरनं केली.

पॅकिंगच्या भाऊसाहेबांना बोलावलं. त्यांना तेरा वर्षांचे जास्तीचे मिळाले होते. ते काही लपवत नव्हते. त्यांना वाटलं होतं कंपूटर आल्यापासून कंपनी वाढवून देतीय. पैसे घराच्या स्लॅबला गेले होते. आता एकाच कार्डाचे दोनदा पैसे द्यायचे का, हा कंपनीपुढं प्रश्न पडला, आणि असा प्रश्न पडला की चौकशी लावतात. ती पूर्ण होईपर्यंत फौंड्रीच्या भाऊसाहेबांचे राहिलेले पैसे थांबवले.

चौकशीत मला तीन प्रश्न आले. प्रोग्राम कोणी लिहिला? साळवे यांनी. कार्डं कशावरून जोडली? पाच गोष्टी जुळल्या म्हणून. ही पद्धत कोणाची? साळवे यांची. तिन्ही उत्तरं खरी होती. यादी तपासली का, सही कोणाची, हे मला कोणी विचारलं नाही. ते त्यांनी तुला विचारलं. जोडण्यापूर्वी यादी कोणाला दाखवली होती का? मी समोरच्या खुर्चीवर होतो. तू माझ्याकडं बघितलं नाहीस. म्हणालास, "आठवत नाही."

तुला पाचवीत शेजारच्या बाकावर कोण बसायचं तेही आठवायचं.

जुलैपासून तुझ्या दोन वेतनवाढी रोखल्या आणि तुला स्टोअर्समध्ये बसवलं. चौकशी पुढं ढकलली गेली, म्हणजे संपलीच नाही. तुझ्या जागी पुण्याच्या एजन्सीचा माणूस आठवड्यातून दोनदा यायचा. कॅन्टीनमध्ये एक जण म्हणाला, कोट्यातला कॉम्प्युटरवाला आणला की असंच होणार. आपली कंपनी खासगी, तिथं कोटा नाही, आणि तू लेखी परीक्षेत पहिला आला होतास, हे त्या टेबलावर मला एकट्याला माहीत होतं. मी चहा संपवला आणि उठलो.

ऑगस्टच्या अठ्ठावीस तारखेला मी प्रिंटरजवळ बसलो होतो. तू स्टोअर्सची पावती द्यायला आलास. सवयीनं चपला काढल्यास, एक पाऊल आत टाकलंस, मग काय आठवलं कोण जाणे, मागं झालास, चपला घातल्यास आणि पावती दारातूनच माझ्या हातात दिलीस. त्या दिवशी साडेतीन तास मी तो आवाज नुसता ऐकला.

तरी आपण रोज डबा बरोबर खायचो. तू माझ्याशी पूर्वीसारखाच बोलायचास. नटबोल्टांच्या खात्यात बसून तुझं नवीन मत झालं होतं, की परग्रहावरची माणसं पृथ्वीवर येऊन गेली असतील, पण स्टोअर्सनं त्यांना मागणीपत्राच्या तीन प्रती मागितल्या असतील. मी हसायचो. तू मला सुटका देत होतास आणि मी ती घेत होतो. धाकटीचं लग्न ठरलं होतं. निवृत्तीला चार वर्षं होती. सत्तावीस वर्षांत माझ्या फाईलवर एक शेरा नव्हता. ही कारणं म्हणून सांगत नाही. तेव्हा डोक्यात काय होतं ते सांगतो.

ऑक्टोबरमध्ये तुझे पाय सुजले. दोन्ही किडन्या, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. आठवड्यातून दोनदा पहाटेच्या एसटीनं डायलिसिसला जाणं सुरू झालं. आई आपली किडनी द्यायला तयार होती. तू औषधोपचारासाठी साठ हजार आगाऊ मागायचा अर्ज केलास. अर्ज शेऱ्यासाठी माझ्या टेबलावर आला. मी लिहिलं, 'अर्जदाराविरुद्ध चौकशी प्रलंबित असल्याने नियमानुसार आगाऊ रक्कम मंजूर करता येत नाही.' नियम तसाच आहे. मी पुस्तक उघडून खात्री केली होती. त्या वेळी माझ्या पाठीमागच्या कपाटात, खालून दुसऱ्या कप्प्यात, ती चौकशी एका दिवसात संपवणारा कागद होता.

मग कामगारांनी वर्गणी काढली. मी पाचशे दिले. यादीत माझं नाव सगळ्यात वर होतं.

वेळेवर पैसे मिळाले असते तर तू वाचला असतास का, हे मला माहीत नाही. तुझी बायको, मंगल, म्हणते, डॉक्टर आधीच उशीर झाला म्हणत होते. तिनं तसं म्हणणं हा तिचा मोठेपणा आहे. मी तिच्या वाक्याचा आधार घेणार नाही.

जानेवारीत मी केडगावला आलो, ती आपली शेवटची भेट. तू पलंगावर भिंतीला टेकून बसला होतास, चेहरा सुजलेला, पाणी मोजून प्यायची सक्ती. मंगलनं मला चहा दिला आणि तुला अर्धा कप. तू म्हणालास, एक गोष्ट लिहितोय, पण अडलीय.

एक यान आहे. तीनशे माणसं त्यात झोपवलेली आहेत, दोनशे वर्षांच्या प्रवासासाठी. पोचल्यावर मशीन यादी बघून एकेकाला उठवणार. यादीत दोन माणसांच्या पाचही गोष्टी सारख्या आहेत. मशीनच्या लेखी तो एकच. एकाला उठवलं की काम झालं, दुसरा झोपलेलाच राहणार.

मी विचारलं, यादी तपासायला माणूस नाही का?

"आहे ना. एक हिशेबनीस आहे. दर दहा वर्षांनी उठतो, यादी बघतो, परत झोपतो."

"मग त्याच्या लक्षात येईल."

"आलंय. तिथंच तर अडलोय." तू कप खाली ठेवलास. "त्याला कळलंय. आता तो काय करेल, चाचा? तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तसं मी लिहितो."

तुझ्या आवाजात टोचणं नव्हतं. ते असतं तर बरं झालं असतं. पडद्याआड मंगल भांडी घासायची थांबली होती, हे मला तेव्हाही ऐकू आलं. खोलीत आपण दोघंच होतो. तू दार उघडून धरलं होतंस आणि मला फक्त आत यायचं होतं.

मी म्हणालो, दोनशे वर्षांत दर दहा वर्षांनी म्हणजे तो वीस वेळा उठणार. प्रत्येक वेळी किती दिवस जागा राहतो? महिना धरला तर पोचेपर्यंत तो इतरांपेक्षा वीस महिन्यांनी म्हातारा होईल. त्या वीस महिन्यांचा पगार वेगळा धरावा लागेल.

तू हसलास. मनापासून हसलास, दम लागेपर्यंत. मग डोळे मिटलेस आणि म्हणालास, "बरोबर आहे. ते घालतो."

ती गोष्ट कुठं आहे मला माहीत नाही. मंगलला विचारायचं धाडस झालं नाही. पण त्या हिशेबनिसाचं मला आता ठाऊक आहे. तो यादी जागेवर ठेवतो आणि म्हणतो, पुढच्या वेळी उठेन तेव्हा बघू. अजून प्रवास खूप आहे असं त्याला वाटतं. तुला हा शेवट आवडला नसता. तुझं मत असं की गोष्टीतल्या माणसानं काहीतरी करावं, वाईट का होईना.

एक वाद आपला राहिलाच. कधीतरी डबा खाताना तू म्हणाला होतास की चूक प्रोग्रामचीच होती: पाच गोष्टी जुळल्या म्हणजे माणूस एकच, हे वाक्य तुझं होतं, आणि ज्यानं वाक्य लिहिलं त्याची चूक. मी गप्प बसलो, कारण ते माझ्या सोयीचं होतं. आज वाद घालतो. तू चुकत होतास, दिलीप. तू मशीनला शंका शिकवली होतीस. तिनं ती कागदावर छापून, खाली रेघ सोडून, माझ्यापुढं ठेवली होती. तुझ्या प्रोग्रामनं विचारलं आणि माणसानं खोटं उत्तर दिलं. मी खोटं बोललो नाही असं वर लिहिलं आहे, ते दुरुस्त करतो. 'प्रत्यक्ष तपासले' याच्याखाली केलेली सही हे खोटंच होतं. बाकी सगळं खरं बोलून मी ते एक खोटं सांभाळलं.

एकवीस फेब्रुवारीला तू गेलास. अठ्ठावीसला कार्यक्रम झाला. एक मार्चला सकाळी मी कपाट उघडलं, यादी काढली, सोबत अर्ध्या पानाचा जबाब लिहिला आणि मॅनेजरांपुढं ठेवला. त्यांनी वाचला, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "शेखसाहेब, आता कशाला? माणूस तर गेला. तुमची तीन वर्षं राहिलीत."

मी म्हणालो, भाऊसाहेब आहेत ना अजून.

त्यांनी मला विचार करायला दोन दिवस दिले. मी त्याच दुपारी कागद आवक नोंदवहीत चढवला, म्हणजे परत घेता येऊ नये. स्वतःवर मला भरवसा नव्हता. माझ्या फाईलवर शेरा आला आणि एक वेतनवाढ गेली. तुझ्यावरची चौकशी बंद झाली, दोष नाही असं लेखी झालं. त्याच गठ्ठ्यात तुझा साठ हजारांचा अर्जही परत आला, निकाली काढण्यासाठी. त्यावर शेरा मलाच लिहावा लागला. 'अर्जदार मयत.' दुसरं काय लिहिणार.

दि. १० एप्रिल, शनिवार. तेरा वर्षांचे रुपये एकोणतीस हजार दोनशे पन्नास, ड्राफ्टनं, भाऊसाहेब दगडू शिंदे, फौंड्री, यांना. पोस्टानं पाठवायचा होता, मी काष्टीला जाऊन दिला. टोकन कार्ड मागून घेतलं, चेहरा बघितला, मग दिला. त्यांनी ड्राफ्ट दोन्ही हातांत धरला आणि तुझी चौकशी केली. मी सांगितलं. ते ओट्यावर बसले. म्हणाले, "मंजी त्यांची काय चूक न्हवती?"

"नव्हती. माझी होती."

त्यांनी ड्राफ्टची घडी घातली. "मंग लई उशीर केला तुमी," म्हणाले, आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं नाही.

दि. ११ एप्रिल, रविवार, केडगाव. तुझा फंड आणि ग्रॅच्युइटी मार्चमध्येच दिली होती, हे त्याव्यतिरिक्त. रोखलेल्या दोन वेतनवाढी, महिना एकशे नव्वदप्रमाणे आठ महिने. मंगल दारातच भेटली, मागं तुझी आई. मी दोघींना उभ्यानंच सगळं सांगितलं, शनिवारच्या अर्ध्या दिवसापासून अर्जावरच्या शेऱ्यापर्यंत. आई आत गेल्या. मंगलनं चौकशी बंद झाल्याचं पत्र सावकाश वाचलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्यांनी जुलैतच सांगितलं होतं. म्हणाले, चाचा स्वतः सांगतील, तू काही बोलू नकोस. मी रोज वाट बघत होते." मग तिनं पावती माझ्या हातातून घेतली. "सही कुठं करू?"

मी रेघ दाखवली. तिनं आधी नोटा मोजल्या, आकडा वाचला, मग सही केली.

रुपये एक हजार पाचशे वीस, रोख, श्रीमती मंगल दिलीप साळवे यांना पोच.